घागऱ्याची पट्टी

१९८७ सालचा नोव्हेंबर. रविवारची सकाळ, साडेसात वाजलेले. कोलाडच्या वरच्या अंगाला कुंडलिकेच्या काठावर आम्ही सहा जण तीन गुलाबी होड्या घेऊन उभे होतो, आणि समोर नदीच नव्हती.

"देवस्थळीबाई," प्रभुणे म्हणाले, "नदी पुण्याला विसरलात की काय?"

समोर नुसते दगड होते. काळे, गुळगुळीत, हत्तीच्या पिल्लाएवढे. त्यांच्यामधून घोटाभर पाणी वाट काढत होतं. पलीकडे दोन बायका त्या पाण्यात धुणं धूत होत्या.

"येईल," मी म्हटलं. "वर वीजघर आहे. तिथून सुटलेलं पाणी आठाच्या सुमाराला इथे पोचतं. तीन-चार तास नदी भरून वाहते. मग पुन्हा हे असं."

"म्हणजे नळासारखं. आमच्याकडेही आठालाच येतं, पण तीन-चार तास टिकत नाही."

माणिक हसली. ती कशालाही हसायची. बावीस वर्षांची होती, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकती लागलेली. शाळेत माझ्या हाताखाली खो-खो खेळलेली. मी होड्या शिकवायचं बोलले, तेव्हा पहिलं नाव तिने दिलं होतं. दुसरं प्रभुण्यांचं, बँकेत कॅशियर, वय बेचाळीस, पोट थोडं सुटलेलं. तिसरं नाव आलंच नाही.

होड्या म्हणजे कयाक. एका माणसाच्या, लांबुळक्या, वरून बंद. मध्ये बसायला एक भोक, त्यात कमरेपर्यंत शिरायचं. ऋषिकेशच्या एका शिबिरात तीन आठवडे गंगेच्या खळाळात मी ते शिकून आले होते, आणि परत आल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. भोसरीत आंघोळीचे टब बनवणारा एक कारागीर गाठला, चित्रं काढून दिली, त्याने साच्यावर तीन होड्या ओतून दिल्या. टबासाठी आणलेला गुलाबी रंगच त्याच्याकडे उरला होता, म्हणून त्या गुलाबी.

आमच्या गिर्यारोहण क्लबला हे काही पसंत नव्हतं. चिटणीस जठार स्वतः त्या दिवशी आले होते, कानटोपी घालून, वही घेऊन. आदल्या आठवड्यात कमिटीपुढे ते म्हणाले होते, "नलिनीताई, एकदा नवशिक्यांना नेऊन दाखवा. मी बघायला येईन. कुणी पडलं, खरचटलं, तर त्याला माझी ना नाही, डोंगरातही माणूस पडतो. पण शिकवण्यात किंवा सामानात खोट निघाली, तर होड्या त्याच दिवशी बंद. क्लबच्या नावावर माणूस बुडालेला मला चालणार नाही."

म्हणजे त्या सकाळी माझं सगळंच त्या नदीत होतं. मी अडतीस वर्षांची होते. शाळेत कवायत शिकवून सोळा वर्षं झाली होती. हे एक काम असं सापडलं होतं, की जे मला रोज करावंसं वाटत होतं.

पाचव्या होत्या अक्का, माझ्या थोरल्या नणंदबाई. त्यांनी लग्न केलं नव्हतं. कसब्यात त्यांचा शिवणक्लास होता. त्या क्लासमधल्या मुली अक्कांना फार घाबरायच्या, कारण शिवलेलं कापड त्या आधी उलटं करून बघायच्या. आत एक दोरा लोंबताना दिसला, की सगळं उसवायला लावायच्या. माणिकही त्यांच्याकडे शिकायला जायची. तिच्यावर अक्कांचा जीव होता, आणि म्हणून तिचं सगळ्यात जास्त उसवलं जायचं.

होडीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती एक जाड कापडी घेर बांधावा लागतो. त्याची कड इलॅस्टिकची. ती होडीच्या भोकाच्या काठावर ताणून बसवली, की माणूस आणि होडी एक होतात. आम्ही त्याला घागरा म्हणायचो. ते घागरे अक्कांनीच, मी काढून दिलेल्या चित्रावरून, रेनकोटच्या कापडाचे शिवले होते. प्रत्येकाला पुढच्या बाजूला वीतभर पट्टी होती, मोकळी सोडलेली. होडी उलटली, तर डोकं खाली आणि पाय वर अशा अवस्थेत ती पट्टी चाचपायची आणि ओढायची. घागरा सुटतो, माणूस बाहेर येतो. पोहण्याच्या तलावात प्रभुणे आणि माणिक चार रविवार हेच शिकले होते. माणिक तर पाण्याखाली थोडा वेळ मुद्दाम लटकून राहायची आणि वर आल्यावर म्हणायची, "बाई, खालून तुमचे पाय फार लांब दिसतात."

सहावा धाकू वाघमारे. तिथल्याच वाडीवरचा, तिशीतला. पाणी त्याच्या ओळखीचं होतं. काठाकाठाने दोर घेऊन धावायचं काम त्याच्याकडे होतं.

"बाय," तो म्हणाला, "आली बगा."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. पलीकडच्या बायकांनी मात्र धुणं गोळा करायला घेतलं होतं. मग दूरवरून रस्त्यावरून ट्रक जावा तसा आवाज आला. दगडांमधलं पाणी आधी गढूळ झालं, मग जाड झालं. बघता बघता हत्तीची पिल्लं एकेक करून बुडाली. पंधरा मिनिटांत समोर एक पूर्ण वाढलेली नदी होती, हिरवी, पांढऱ्या तुऱ्यांची.

प्रभुणे हळूच म्हणाले, "विसरला नव्हतात तर."

मग सगळी घाई झाली. प्रभुण्यांना होडीत बसवणं हे एक काम होतं. कंबर शिरेना, शिरली तर घागरा पुरेना. मी त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसून कड ताणत होते. जठार डोक्याशी उभे राहून विचारत होते, "हेल्मेटचा बंद इतका सैल चालतो का? जाकिटाची तिसरी गाठ कुठाय?"

माणिक आपल्या होडीत बसून तयार होती. "बाई, माझा घागरा?"

"थांब, येते."

"तू त्यांचं बघ, नलू," अक्का म्हणाल्या. "हिचा मी बसवते. माझ्याच हातचा आहे."

ऋषिकेशच्या आमच्या शिक्षकांचा एक नियम होता. घागरा कुणीही बसवो, शेवटी पट्टी शिकवणाऱ्याने आपल्या हाताने ओढून बघायची. मी वळून पाहिलं. अक्का माणिकच्या पुढ्यात वाकलेल्या, कड अंगठ्याने दाबत चाललेल्या, मशीनवर कापड सरकवावं तशा.

"अक्का, पट्टी बघितलीत ना?"

"सगळं बघितलंय. कालच इलॅस्टिक बदलून नीट केलंय."

"चला," मी म्हटलं.

पहिले दोन खळाळ मला अजून जसेच्या तसे आठवतात. मी पुढे, माझ्या मागे प्रभुणे, शेवटी माणिक. प्रभुणे मोठ्याने मोजत वल्हं मारत होते, नोटा मोजाव्यात तसे. पहिल्या लाटेने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं आणि त्यांचा आकडा चुकला. ते म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून." दुसऱ्या खळाळात माणिकची होडी गर्रकन उलटी फिरली आणि ती पाठमोरी खाली आली. वल्हं डोक्यावर धरलेलं, हसतेय.

"बाई, हे असंच करायचं असतं का?"

"नाही."

"मग मी पुन्हा एकदा चुकते."

काठावरून धाकू उड्या मारत येत होता. त्याच्या बऱ्याच मागे, झाडीतून, जठारांची कानटोपी आणि अक्कांची निळी साडी दिसत होती. ऊन पाण्यावर उतरलं होतं. मला वाटलं, झालं. ही माझी झाली आता नदी.

तिसरा खळाळ वळणावर होता. डाव्या हाताला मोठा दगड, पाणी त्यावर आपटून उजवीकडे जातं. मी खाली शांत पाण्यात जाऊन थांबले. प्रभुणे आले, डगमगले, पण आले. माणिक आली ती थोडी जास्त डावीकडून. होडी दगडाला आडवी टेकली. अशा वेळी दगडाच्या बाजूला झुकायचं असतं, दगडाला मिठी मारल्यासारखं. कुणीही नवखं माणूस उलट करतं, दगडापासून दूर झुकतं. माणिकने तेच केलं. क्षणात होडी पालथी झाली, आणि पाण्यावर फक्त तिचं गुलाबी पोट राहिलं.

मी घाबरले नाही. उलटणं ठरलेलंच होतं. मी मनात मोजायला लागले. तीन म्हणेपर्यंत तिचं डोकं वर यायला हवं होतं.

पाच झाले. सहा. होडी वाहत आमच्याकडे येत होती आणि आतून कुणीतरी तिच्यावर धपाधप मारत होतं.

"बाई," प्रभुणे म्हणाले. त्यांच्या आवाजात गंमत राहिली नव्हती.

मी प्रवाहाविरुद्ध वल्हं मारलं. तीन हात वर जायचे, दोन हात मागे यायचे. दहा. बारा. काठावरून धाकूने दोर टाकून दिला आणि कपड्यांसकट उडी घेतली. तो होडीच्या टोकाला लोंबकळला, मी दुसऱ्या बाजूने पोचले, दोघांनी मिळून ती कुशीवर वळवली. माणिकचं तोंड क्षणभर वर आलं, उघडं, डोळेही उघडे, आणि हातातून निसटून पुन्हा खाली गेलं. धाकूने कमरेचा कोयता काढला. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. त्याने भोकाच्या कडेने घागऱ्यात कोयता घातला आणि ओढला, आणि ती बाहेर आली.

पंचवीसपर्यंत मोजल्याचं मला आठवतं. त्यापुढे मी मोजलं नाही.

वाळूवर आम्ही तिला पालथं घातलं. ती पाणी ओकली, खोकली, पुन्हा ओकली. मग तिने माझा हात धरला आणि सोडेना. प्रभुणे आपली होडी काठाला लावून धावत आले आणि तिचे तळपाय चोळत बसले.

धाकू पाण्यातून होडी ओढत आला. त्याच्या हातात घागरा होता, एका बाजूने चिरलेला. त्याने तो माझ्यापुढे धरला.

"बाय, ही वादी आतमदी कशापायी शिवली?"

मी बघितलं. वीतभर मोकळी पट्टी, जी लोंबायला हवी होती, ती दुमडून आत घेतली होती. तिच्यावर बारीक, सरळ, एकसारखी हातशिलाई होती. फार सुंदर शिलाई होती ती. वरून तर कळतही नव्हतं, की तिथे कधी पट्टी होती.

इलॅस्टिक बदलायला म्हणून अक्कांनी शुक्रवारी घागरे माझ्याकडून मागून घेतले होते. प्रभुण्यांच्या घागऱ्याची पट्टी तशीच होती, मी नंतर पाहिलं. फक्त माणिकचा त्यांनी जास्त जीव लावून केला होता.

"आण तो इकडे," मी धाकूला म्हटलं, आणि घागरा गुंडाळून माझ्या जाकिटात कोंबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो दोर उचलायला गेला.

तोवर जठार पोचले, त्यांच्यामागून अक्का, धापा टाकत. अक्कांनी आपली शाल माणिकभोवती गुंडाळली आणि तिला छातीशी धरलं.

"काय झालं?" जठारांनी विचारलं. वही काखेत मारून ते माणिकपुढे वाकले होते. वाईट माणूस नव्हता तो.

मी तोंड उघडलं. पण माणिकच आधी बोलली.

"मी घाबरले, साहेब." तिचे दात वाजत होते. "पट्टी समोरच होती. बाईंनी शंभर वेळा शिकवलं होतं. तलावात मला यायचं. आज हात नुसते फिरत राहिले. समोर असून सापडली नाही. मीच घाबरले."

जठार माझ्याकडे वळले.

"नलिनीताई, सामान बरोबर होतं?"

धाकू दोर गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

"होतं," मी म्हटलं.

जठारांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग वही मिटून माणिकच्या डोक्यावर हात ठेवला. "होतं असं पोरी, पहिल्या वेळी. सगळ्यांचाच तो पिंड नसतो."

"हो," माणिक म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर मी घागरा मोरीच्या दाराशी टाकला आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर अक्का तो मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"लोंबत होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, अडकेल कशात."

मी त्यांच्याजवळ बसले.

"मी जाऊन येते तिच्याकडे," त्या उठत म्हणाल्या. "आत्ताच सांगते. पोरगी उगाच स्वतःला बोल लावून घेतेय."

"अक्का, जठारांच्या कानावर जाईल. होड्या जातील."

"जाऊ देत की."

"माझ्या आहेत त्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे तेवढं एकदाच पाहिलं. मग त्या पुन्हा खाली बसल्या. सुई घेतली आणि ती शिलाई टाका टाका करून उसवली, पूर्ण. घागरा चिरलेलाच होता, त्याचा आता काही उपयोग नव्हता, तरी उसवली.

होड्या राहिल्या. पुढच्या वर्षी आणखी चार केल्या, त्या पिवळ्या. मी एकोणीस वर्षं शिकवलं. माझ्या वहीत नावं आहेत, सहाशेच्या वर. त्या प्रत्येकाच्या घागऱ्याची पट्टी मी स्वतःच्या हाताने ओढून बघितली. नवीन मुलं वैतागायची. म्हणायची, बाई, आत्ता तर बघितलीत. कडक शिस्तीची बाई म्हणून माझं नाव झालं. वर्तमानपत्रात दोनदा फोटो आला.

जठार नव्याण्णव साली गेले. या होड्यांना पहिली परवानगी आपण दिली, असं ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगायचे, आणि ते खरंच होतं. प्रभुणे पंधरा वर्षं न चुकता आले. तिसऱ्या वर्षी त्यांना पालथी होडी वल्ह्याने पुन्हा सरळ करता यायला लागली, त्याचे त्यांनी बँकेत पेढे वाटले. दोन्ही गुडघे बदलून घेतल्यावरही ते काठावर खुर्ची टाकून बसायचे आणि नवशिक्यांना घाबरवायचे. २०१५ साली गेले. धाकू माझ्याबरोबर शेवटपर्यंत होता. त्याने तो प्रश्न मला पुन्हा विचारला नाही. त्याचे दोन नातू आता तिथे मोठ्या रबरी होड्यांतून पर्यटक नेतात, आणि धाकू सकाळी काठावर बसून त्यांना शिव्या देतो.

अक्कांनी त्यानंतर होड्यांसाठी एक टाका घातला नाही. मी सांगितलंही नाही. माणिक लग्न होईपर्यंत त्यांच्या क्लासला येत राहिली. तिचं उसवणं अक्कांनी बंद केलं होतं. कसंही शिवलं तरी "चांगलं आहे" म्हणायच्या. माणिकला वाटायचं, आपला हात बसला. २००६ च्या मार्चमध्ये अक्का गेल्या. जायच्या आठवडाभर आधी मला म्हणाल्या, "माझ्यामुळे नाही सांगितलंस, असं तिला सांगू नकोस हं."

मी मे महिन्यात चिंचवडला माणिककडे गेले. ती एकेचाळीसची झाली होती. तिने कोकम सरबत केलं. मी सगळं सांगितलं. पट्टी, शिलाई, जाकीट, जठारांचा प्रश्न आणि माझं उत्तर. अक्का त्याच संध्याकाळी यायला निघाल्या होत्या आणि मी अडवलं, तेही.

तिने पेला खाली ठेवला.

"म्हणजे पट्टी नव्हतीच," ती म्हणाली.

"नव्हती."

"मी तिथेच शोधत होते, बाई. बरोबर जागी. मला आठवतं. तिथे सगळं गुळगुळीत लागत होतं."

"हो."

"मला वाटायचं, मी एक अशी बाई आहे, की वेळेला जिचे हात चालत नाहीत." ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, कुणा तिसऱ्याबद्दल बोलावं तसं. "स्कूटर शिकले नाही. हे म्हणायचे, शिक. मी म्हणायचे, नको, ऐन वेळी माझा ब्रेक लागायचा नाही. सायली पंधराची आहे, तिला पोहता येत नाही. तिच्या वर्गात सगळ्यांना येतं. मी तिला पाठवलंच नाही. म्हटलं, माझी मुलगी आहे, माझ्यासारखीच असेल."

मी म्हटलं, "माणिक, माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली.

ती मला दारापर्यंत सोडायला आली. वाकून नमस्कार केला नाही. आजवर दर वेळी करायची. त्या मोसमात मी शिकवणं थांबवलं.

त्यानंतर तिचा फोन आला नाही, आणि मी करायला धजले नाही. कळतं ते दुसऱ्यांकडून. नोकरीतून ती निवृत्त झाली. सायली पुढे कॉलेजात असताना पोहायला शिकली, आणि आता तिला मुलगा आहे, चार वर्षांचा. त्यांच्या सोसायटीत तलाव आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथेच राहते. ती सांगते, संध्याकाळी सायली पोराला घेऊन पाण्यात असते आणि आजी काठावर पाय पाण्यात सोडून बसते. पोरगा खेचतो तिला, आजी, ये ना. ती हसते.

गेल्या महिन्यात त्या विद्यार्थिनीने सांगितलं, की माणिक आता पायऱ्यांवर उतरून बसते, गुडघ्यापर्यंत पाण्यात. कठडा धरून.

मी विचारलं, "एका हाताने, की दोन्ही?"

ती म्हणाली, "ते नाही पाहिलं, बाई. बघून सांगते."